शेवटाच्या जागी हवामान

त्या सिनेमाचा शेवट आमच्या बाबांनी पुसला. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की कॅसेट तशीच आली, व्हिडिओ लायब्ररीवाला चोर होता, मशीन जपानी असलं तरी वायर कुठली होती कोण जाणे. पण घरात साक्षीदार भरपूर होते. शारजात रोल्लाला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तिथे व्हीसीआर आला तेव्हा त्याच्याबरोबर एकच कॅसेट आली, दत्तूकाकांनी लायब्ररीतून विकत घेऊन भेट दिलेली. बाबा एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते, म्हणजे कुठलीही वस्तू उघडून, तपासून मगच वापरायची हा त्यांचा धर्म. त्यांनी माहितीपुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक बटण दाबून पाहायला सुरुवात केली. कॅसेट पुढे पळवायचं बटण आधी दाबलं, त्यामुळे सिनेमा संपत आला. मग लाल बटण दाबलं. टीव्हीवर त्या वेळी अरबी बातम्यांनंतरचं हवामान चाललं होतं. ते हवामान स्वच्छ, रंगीत, सिनेमाच्या शेवटावर जाऊन बसलं आणि कायमचं तिथेच राहिलं.

सिनेमाचं नाव सांगत नाही. हल्ली नाव सांगितलं की समोरचा लगेच फोन काढतो. गोष्ट साधी होती. तीन बेकार मित्र एका भाड्याच्या खोलीत राहत असतात, घरमालक त्यांना रोज हाकलत असतो, आणि एक दिवस तो स्वतःच मरतो आणि मरताना एका ट्रंकेची किल्ली यांच्या हातात देऊन जातो. मग अडीच तास नुसती पळापळ. खोटा पुतण्या, खरा चोर, लुगडं नेसलेला हवालदार, सगळे त्या ट्रंकेच्या मागे. शेवटी ती उघडते. नोटा बघून तिघांचे चेहरे उजळतात. तिघांतला सगळ्यात शहाणा मित्र कमरेवर हात ठेवून म्हणतो, "सुनो. अब इसका क्या करना है, मैं बताता हूँ." तो तोंड उघडतो, आणि त्याच्या जागी पांढरा कंदुरा घातलेला एक गंभीर गृहस्थ नकाशापुढे उभा राहून आखाताच्या हवेबद्दल बोलू लागतो.

शुक्रवार सुट्टीचा असायचा तेव्हाची ही गोष्ट. आता शुक्रवार अर्धाच उरलाय, सुट्टी शनिवार-रविवारवर गेली, आणि माझ्या मुलीला त्याचं काही वाटत नाही. पण आमचा शुक्रवार म्हणजे सण होता. सकाळी बाबा मासळीबाजारातून सुरमई आणायचे, आणि आई ती आणल्या आणल्या त्यांना ऐकवायची की ही सुरमई नाही, सुरमईची आजी आहे. आई मालवणची. वाटण घालताना खिडकीतल्या एसीचा घुरघुराट, मिक्सरचा आवाज आणि आईचं बोलणं असं तिन्ही एका पट्टीत चालायचं. एसी बंद पडला तरी घरात शांतता होत नसे. रोल्ला म्हणजे अरबीत वड. आम्ही आलो तेव्हा तो वड काही जागेवर राहिला नव्हता, नावच राहिलं होतं. आई वटपौर्णिमेला त्या मोकळ्या जागेला लांबूनच नमस्कार करून यायची आणि म्हणायची, "झाड नाही तर नाही. नवरा तरी कुठे धड आहे?"

जेवायला चौघे जण ठरलेले. सगळे कामगार, मागच्या दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहणारे, बायकामुलं गावाला. दत्तूकाका गुहागरकडचे, साइटवर शटरिंगचं सुतारकाम करायचे. हसनभाई खेडचे, क्रेनवर हेल्पर. आणि साताऱ्याकडचे दोन शिंदे, ज्यांना आम्ही मोठे शिंदे आणि छोटे शिंदे म्हणायचो. ते एकमेकांचे कोणी नव्हते, पण दोघे एकत्रच बोलायचे आणि एकत्रच गप्प बसायचे. हसनभाई जुम्म्याची नमाज आटोपून यायचे, तोवर पानं वाढायची नाहीत असा आईचा कायदा होता. मग भात, कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी, आणि ज्याला भाकरी हवी त्याला खुबूस, म्हणजे तिथली विकतची रोटी, कारण आईच्या मते भाकरी थापायला तिचं इथे माहेर नव्हतं. जेवण झालं की सतरंजीवर आडवं होऊन तोच सिनेमा. दुसऱ्या कॅसेटी पुढे पुष्कळ आल्या, लायब्ररीत याच सिनेमाची अख्खी कॉपीही होती. ती कोणी आणली नाही. आधी आळसाने, मग हट्टाने.

कारण आमच्याकडे शेवट बाबा सांगायचे. तो शहाणा मित्र तोंड उघडून नाहीसा झाला की बाबा उठून टीव्हीच्या शेजारी उभे राहायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि त्याचं भाषण पुरं करायचे. दर शुक्रवारी थोडं वेगळं, पण मथितार्थ एकच. पैसा एकट्याचा नसतो. पळापळ तिघांनी केली, वाटा तिघांना सारखा. जो एकटा खातो तो माणूस नव्हे. आवाज चढत चढत असा काही जायचा की दोन्ही शिंदे टाळ्या वाजवायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे, पातेली घासायला या आता." आणि बाबांच्या मागे तो कंदुरावाला आपलं हवामान सांगत असायचा. त्याच्याकडे लक्ष फक्त दत्तूकाकांचं. अरबी त्यांना येत नव्हती, पण 'बहर' म्हणजे समुद्र आणि 'खफीफ' म्हणजे हलका, एवढं ते शिकले होते. "अल बहर खफीफ," ते त्या माणसाच्या गंभीर आवाजात म्हणायचे. "चला, गावाला होड्या गेल्या असतील." त्यांच्या भावाची होडी होती, वल्ह्याची. तिला इंजिन घ्यायचं आणि परत जायचं, एवढीच त्यांची इच्छा. "इंजिन घेतलं की खलास. मग ह्या वाळूत दत्तू दिसणार नाय," असं ते सांगायचे, आणि मी तोंड फुगवून बसायचे, कारण चौघांत माझे लाडके तेच होते.

तेव्हा तिकडे एक नवं मोठं सुपरमार्केट उघडलं होतं. ठरावीक खरेदी केली की एक कुपन मिळायचं, आणि वर्षाखेरीला सोडत होऊन एक गाडी. चौघांनी लगेच कोपऱ्यावरच्या बकाल्यातला, म्हणजे वाण्याकडचा, तांदूळ सोडून तिथला महाग तांदूळ घ्यायला सुरुवात केली. गाडीपायी तांदूळ बदलणारी माणसं मी आमच्याकडेच पाहिली. त्यांची आणि आमची कुपनं एकत्र, दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात. नाव कोणाचं घालायचं यावर वाद झाला तेव्हा दत्तूकाका म्हणाले, "पोरीचं घाला. घरातली लक्ष्मी ती. आपली नावं घालून आजवर काय दिवे लागले?" म्हणून सगळ्या कुपनांवर मी माझ्या शाळेच्या अक्षरात माझंच नाव लिहिलं. लागली तर सगळ्यांची, असं डब्यावर हात ठेवून सहाही मोठ्यांनी म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता.

गाडी लागली.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, वेण्या घालत होते, आणि पुठ्ठ्याची एक माझ्यापेक्षा उंच किल्ली हातात धरून माझा फोटो काढला गेला. बाबा टाय लावून शेजारी उभे होते. मी अज्ञान, म्हणून गाडी कागदोपत्री बाबांच्या नावावर झाली. शोरूमचा माणूस ती चालवत आणून आमच्या बिल्डिंगखाली वाळूत उभी करून गेला. पांढरी, लांब, सीटवर प्लास्टिक तसंच. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आमच्या सात जणांत गाडी चालवता येणारा एकही नाही.

त्या शुक्रवारी चौघे जण इस्त्रीचे शर्ट घालून आले. दत्तूकाकांनी नारळ फोडला. मोठ्या शिंद्यांनी टायरला हात लावून नमस्कार केला, मग छोट्यांनी केला. सगळे गाडीभोवती उभे राहून बाबांकडे बघत होते. बाबांनी खिशातली किल्ली चाचपली आणि म्हणाले, "चला वर, मासळी थंड होतेय." जेवण झालं. सिनेमा लागला. शहाणा मित्र म्हणाला की आता काय करायचं ते मी सांगतो, आणि गेला. बाबा उठले नाहीत. ते नखं बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ते हवामान पूर्ण ऐकलं, वाऱ्याच्या दिशेसकट. दत्तूकाकासुद्धा समुद्राबद्दल काही बोलले नाहीत. मला त्या दिवशी बाबांची इतकी लाज वाटली की मी उठून उगाच फ्रीज उघडून उभी राहिले.

बाबा वाईट नव्हते, हे आज मला कळतं. त्यांना नुसता मोह झाला होता, आणि मोहाला त्यांनी स्टोअरकीपरच्या पद्धतीने कारणं लावली. ती आईला रोज ऐकावी लागायची. "हे बघ, विकली तर बत्तीस हजार दिरम येतील, म्हणजे रुपयांत कर हिशोब. पण वाटे केले की प्रत्येकाच्या हातात काय? चणेफुटाणे! त्यापेक्षा गाडी राहू दे. सगळ्यांनाच फिरता येईल."

"कोण चालवणार?"

"मी लायसन काढतोय ना!"

"आणि दत्तूभावोजींचं इंजिन?"

"त्याला गाडीतून समुद्रावर नेऊ की आपण."

आई म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान," आणि पुढचं न बोलता कांदा चिरायला घेतला. बाबा रोज संध्याकाळी आईच्या जुन्या लुगड्याने गाडी पुसायचे. उन्हाने रंग जाऊ नये म्हणून तिच्यावर आमच्या पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर घालायचे. मग आत बसून स्टिअरिंग धरायचे, इंजिन बंद, काचा वर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी नाव घातलं आणि परीक्षेलाही जाऊन आले. परीक्षा घेणाऱ्या पोलिसाने त्यांना पहिल्याच वळणावर "खलास, हबीबी, खलास," म्हणून खाली उतरवलं. घरी येऊन बाबा म्हणाले की त्याच्या मनात भारतीयांबद्दल राग होता. आईने विचारलं, "फुटपाथच्याही मनात होता का?"

पुढच्या शुक्रवारी चौघांचा ओव्हरटाइम निघाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. हसनभाई मला रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अभ्यास कसा चाललाय एवढंच विचारलं. कोणीच भांडायला येत नव्हतं, आणि त्याचाच मला राग येत होता. दत्तूकाकांनी येऊन आरडाओरडा करावा, काच फोडावी, असं मला फार वाटायचं. ते आलेच नाहीत. घरात आई नेहमीइतकाच भात टाकत होती आणि आम्ही तिघं आठवडाभर फोडणीचा भात खात होतो.

तिसऱ्या शुक्रवारी आईने मासळीसाठी बाबांना पाठवलं नाही, स्वतः गेली. मोठ्ठं पातेलंभर कालवण केलं. बाबा आंघोळीला गेल्यावर मला म्हणाली, "सुले, भाताचं पातेलं उचल." आम्ही दोघी जिना उतरलो. आईने चादर ओढून काढली, बाबांच्या खिशातून आणलेल्या किल्लीने गाडीचं मागचं दार उघडलं, प्लास्टिक घातलेल्या सीटवर भाताचं पातेलं ठेवलं आणि कालवणाचं पातेलं मांडीवर घेऊन शेजारी बसली. मला किल्ली देऊन पुढे स्टिअरिंगपाशी बसवलं. "गाडी तुझ्या नावाने लागलीय ना? बस." बाबा टॉवेलने डोकं पुसत बाल्कनीत आले, खाली बघितलं, आणि तसेच धावत खाली आले.

"अगं, कालवण! सीट! वास जन्मात जायचा नाही!"

"बायकोला गाडीतून फिरवणार होता ना? फिरवा. दत्तूभावोजींच्या खोलीवर जेवण पोचवायचंय."

"मला येत नाही हे तुला माहीत आहे."

"मग ढकला."

आजूबाजूच्या बाल्कन्यांत तोवर माणसं जमली होती. झाकणाखालून कालवणाचा एक ओघळ निघून आईच्या बोटांवरून प्लास्टिककडे चालला होता, आणि बाबा त्याच्याकडे बघत होते. "ढकलतो!" ते ओरडले. "ढकलतोच! तू बस राणीसारखी!" माझ्या बाजूचं दार उघडून त्यांनी माझ्या हातातली किल्ली लावून फिरवली, हँडब्रेक खाली केला, गिअर मोकळा केला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेवढं त्यांना पक्कं आलं होतं. बिल्डिंगचा पठाण वॉचमन काही न विचारता त्यांच्या शेजारी लागला, आणि ती कोरी करकरीत गाडी वाळूतून निघून गल्लीत आली. मी स्टिअरिंगला घट्ट धरून बसले होते आणि मागून आईच्या सूचना येत होत्या, त्यातल्या निम्म्या मला आणि निम्म्या देवाला.

नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरच्या मशिदीतली नमाज सुटली. सगळा रस्ता माणसांनी भरला. बंद पडलेली गाडी दिसली की हात लावायचा, ही तिथली रीत. बघता बघता दहाबारा जण मागे लागले. मल्याळी, पाकिस्तानी, बंगाली, एक म्हातारा अरब काठी उंचावून नुसताच "यल्ला, यल्ला," करत होता. जो तो विचारायचा, "क्या हुआ? बॅटरी?" बाबा मान हलवायचे. गाडी नवी कोरी, इंजिन ठणठणीत, टाकी भरलेली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? एवढ्यात गर्दीतून हसनभाई आले. त्यांनी मला पाहिलं, मागे आईला आणि पातेल्याला पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि बाबांच्या खांद्याला खांदा लावला.

"काय झालं सावंतसाहेब? पेट्रोल संपलं?"

"नाही."

"मग काय बिघडलंय?"

"काही नाही बिघडलं, हसन," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मला पुढे ऐकू येत होता. "गाडी चांगली आहे. मलाच येत नाही."

हसनभाईंनी खांदा आणखी रेटला आणि गाडीचा वेग वाढला.

चौघांच्या खोलीखाली गाडी थांबली. वरच्या गॅलरीत दोन्ही शिंदे लुंगीवर उभे होते, आणि दत्तूकाका खाली पायरीवर बसून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. ढकलणारी माणसं जायला तयार होईनात, कारण गाडी पोचली तरी त्यातली बाई पातेलं घेऊन का बसलीय हे कळल्याशिवाय कोण जाणार? बाबा घामाने निथळत होते. ते पुढे येऊन बॉनेटजवळ उभे राहिले आणि श्वास घ्यायला म्हणून त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. समोर सगळ्या मुलखाची माणसं, म्हणून त्यांच्या तोंडून हिंदीच निघालं.

"सुनो. अब इसका क्या करना है, मैं बताता हूँ."

आणि त्यांनी तोंड उघडलं, पण दम लागल्यामुळे म्हणा, लाजेमुळे म्हणा, पुढे शब्द फुटेना. तेव्हा पायरीवरून, साबण लावलेल्या तोंडाने, त्या कंदुरावाल्याच्या हुबेहूब गंभीर आवाजात दत्तूकाका म्हणाले, "अल बहर... खफीफ."

आधी शिंदे हसले, दोघे एकदम. मग हसनभाई गाडीला टेकून खाली बसले. आई हसताना मांडीवरचं कालवण हिंदकळलं आणि सीटवर जायचं ते गेलंच. बाबा हसता हसता रडायला लागले, अगदी उघडपणे, टॉवेलात तोंड घालून, आणि दत्तूकाकांनी उठून त्यांना मिठी मारली तेव्हा बाबांच्या शर्टाला साबण लागला. काय करायचं ते बाबांना सांगावं लागलंच नाही. त्या म्हाताऱ्या अरबाला काही कळलं नव्हतं, पण तोही हसत होता. आईने त्याला भातकालवण वाढलं. त्याने दोनदा मागून घेतलं.

गाडी विकली. घेणाऱ्याने आत डोकं घालताच नाक मुरडलं आणि वासापायी किंमत पाडली, त्याचं बाबांनी एका शब्दाने दुःख केलं नाही. वाटे सारखे झाले. आणि मग व्हायचं तेच झालं, जे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या हातात वाटा आला त्याला घरी जायला वाट मिळाली. दत्तूकाका इंजिन घेऊन गेले ते गेले. त्यांच्या मागोमाग शिंदे, आधी मोठे, मग छोटे. हसनभाई तेवढे बरीच वर्षं शुक्रवारी येत राहिले. आम्ही गाडी वाटून शुक्रवार वाचवला असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या वाटणीनेच तो संपला. विमानतळावर मी दत्तूकाकांशी बोलले नाही इतकी रागावले होते, आणि त्यांनी माझ्या वेणीला झटका देऊन विचारलं, "काय गो, हवामान बिघडलंय?" पुढे दरवर्षी गावाहून येणाऱ्या कोणा ना कोणाच्या हाती त्यांच्याकडून सुक्या सोड्यांची पिशवी यायची. नंतर ती यायची थांबली, आणि का थांबली ते आम्ही विचारलं नाही.

आता मी अबू धाबीत अल रीमला मुलीकडे असते. एकेचाळिसाव्या मजल्यावर खिडकी उघडत नाही आणि मासळीचा वास आला की जावई मेणबत्ती लावतो. गेल्या शुक्रवारी दुपारी माझ्या आठ वर्षांच्या नातीला मी हा सिनेमा सांगत होते. तिने नाव विचारलं, मी बेसावधपणे सांगितलं, आणि तिने तो भिंतीएवढ्या टीव्हीवर लावलासुद्धा. अख्खा. आम्ही दोघी मिळून बघितला. लुगड्यातल्या हवालदाराला ती खूप हसली. ट्रंक उघडली. तिघांचे चेहरे उजळले. शहाणा मित्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सुनो. अब इसका क्या करना है, मैं बताता हूँ." त्याने तोंड उघडलं आणि मी रिमोट दाबून टीव्ही बंद केला.

"आजी! व्हाय डिड यू स्टॉप? ही वॉज अबाउट टु टेल!"

"तो काही सांगत नाही."

"बट व्हॉट हॅपन्स?"

मी उठले. गुडघे कुरकुरले. टीव्हीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, पदर सारखा केला आणि जमेल तेवढा गंभीर आवाज काढला.

"अल बहर खफीफ," मी म्हणाले. "समुद्र शांत आहे. होड्या काढायला हरकत नाही."